तुकडा आट्यातच राहतो

रात्रीचे साडेअकरा, आणि ऊन अजून
शेडच्या पत्र्यावर तिरकं बसलंय.
केमियार्वीत जूनमध्ये दिवा लावावा लागत नाही
हे बरंच आहे.
टाकी उघडी असताना
मला ठिणगीची शंकासुद्धा जवळपास नको.

आधी वास आला होता.
मग पोस्टातून घरी येताना
उजव्या बुटाच्या टोकावर ओला डाग.
म्हटलं, डबक्यातून गेले असेन.
तीन आठवडे डबकं नव्हतंच कुठे.
कुठेतरी पाणी मुरत होतं,
फक्त ते पाणी नव्हतं.

गाडी बावीस वर्षांची. टाकीखाली दोन नळ्या :
एक इंजिनाकडे जाणारी,
एक उरलेलं परत आणणारी.
दोन्हींवर काळ्या प्लास्टिकचे जोड,
अंगठ्याने चाप दाबला की सुटणारे.
ज्या हुशार माणसाने ते काढले
त्याने उणे तीसमधलं गॅरेज पाहिलं नसावं.

टाकी उपसली. एकोणीस लिटर.
शेवटचं पावशेर बेरीच्या बादलीत,
म्हणजे यंदा बेरीसाठी नवी बादली.
चाप दाबला. नळी आली,
तिच्याबरोबर अर्धा जोड आला.
उरलेला अर्धा टाकीच्या आट्यात,
बापजाद्यांची जागा असल्यासारखा बसून.
आणि त्याच्याभोवती पिवळट, कडक काहीतरी,
जे कारखान्यातलं नव्हतं.

ही गाडी मी ताइस्तोकडून घेतली
सॉ-मिल बंद पडली त्या शरदात.
"काही त्रास नाही हिचा," म्हणाला होता,
आणि किंमत इतकी कमी सांगितली
की पुढचं विचारायची मला लाज वाटली.

कुंपणापलीकडून तो येतोच.
थर्मास, दोन कप.
वाकतो. बघतो. सरळ होतो.
"इपॉक्सी," म्हणतो.
"दिसलं," मी म्हणते.
मग बराच वेळ फक्त डास बोलतात.

"इव्हालोच्या वाटेवर फुटला.
दोन दिवसांपुरतं लावलं होतं."
"किती झाले दोन दिवस?"
बोटं मोजतो. एक हात पुरत नाही.
"अकरा वर्षं."
त्यातली सात तो स्वतः चालवत होता,
तोंडात सिगरेट ठेवून.

उठून गेला. मला वाटलं, रागावला.
आला तो एक दांडा घेऊन,
जुन्या कानशीचा, चारी कडा घासलेला.
तुकड्यात रोवायचा आणि उलटा फिरवायचा.
"हातोडी नको. तळहाताने मार."
मारलं. काही नाही.
मारलं. तळहात लाल.
तिसऱ्यांदा कुठेतरी आत
सुकी काडी मोडल्यासारखं वाजलं
आणि सगळं फिरू लागलं.

आटे सुती कापडाने पुसले, चारदा.
कणी राहिली तर पंप गिळणार.
नवे जोड पितळेचे, जर्मनीहून आलेले;
ते पाकीट परवा मीच छाटलं होतं
आणि माझ्याच खणात टाकलं होतं.
हातात घेतले तर वजन जाणवतं.
ओ-रिंगला तेलाचं बोट.
हाताने आवळायचं, मग पान्याने पाव फेरा.
"भिणारा माणूस जास्त आवळतो," ताइस्तो म्हणाला.
पाना मात्र त्याच्याच हातात होता
आणि तो अजून जरासा फिरवत होता.

"पुरे," मी म्हटलं.

पेट्रोल परत टाकीत. पाच लिटर, चाचणीपुरतं.
खाली कराच्या नोटिशीचं पाकीट, पांढरी बाजू वर.
चावी फिरवली.
पंप दोन सेकंद गुणगुणला, नळ्या ताठल्या.
दोघं गुडघ्यांवर.
पाकिटावर एक काळा ठिपका.
मी श्वास धरला.
ठिपक्याला पाय होते. उडाला.

पुन्हा चावी. पुन्हा कोरं.

आज सौना नाही, हात केसांपर्यंत माखलेत.
कॉफीलासुद्धा पेट्रोलची चव.
ताइस्तो तुटका तुकडा उन्हात धरून
मला दाखवतोय, दुसऱ्यांदा :
प्लास्टिक शेजारून तडकलंय बघ.
इपॉक्सी धरून आहे अजून.